सव्वा रुपयाचा गूळ

हिंगोलीचे नाव काढले की आपल्याला नरसीचे नामदेव महाराज आठवतात, औंढ्याचा नागनाथ आठवतो आणि हिंगोलीचा दसरा आठवतो. आज मी यांपैकी कशाबद्दलही बोलणार नाही. याच हिंगोलीत घडलेली एक जुनी हकीकत सांगणार आहे. ती काही मिरवण्यासारखी नाही. पण माणूस कसा घडतो, त्याला चांगले काय आणि वाईट काय हे कोण शिकवते, असा प्रश्न पडला की मला पहिली तीच आठवते. आणि हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांना व शाळेतल्या गुरुजींना रोज पडतो.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. पण हिंगोली गाव जुने, आणि ते छावणीचे गाव. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली जी फौज होती, तिचे एक ठाणे इथे होते. ते १९०३ सालापर्यंत टिकले. छावणी आली की बाजार येतो, बाजार आला की व्यापारी येतात, सावकार येतात. वऱ्हाडातून हैदराबादेकडे जाणारा-येणारा माल या मुलखातून जायचा. रेल्वे नव्हती, मोटार नव्हती. माणसे चालत जायची, बैलांवर माल लादून जायची. एकट्याला भीती वाटते म्हणून वाटेत भेटेल त्याची सोबत धरायची.

अशा या छावणीच्या बाजारात १८३० च्या आसपास हरिसिंग नावाचा एक व्यापारी राहत होता. चांगला प्रतिष्ठित माणूस. इंग्रज अधिकाऱ्यांचे त्याच्याशी देणेघेणे चाले. त्या अधिकाऱ्यांपैकी एक होता मेडोज टेलर. हा टेलर हिंदुस्थानात आला तेव्हा पुरा सोळा वर्षांचाही नव्हता. पुढे तो नळदुर्गला मोठा अधिकारी झाला. मराठवाड्यात त्याचे नाव अजून अधूनमधून ऐकू येते. १८३९ साली त्याचे ठगांवरचे कादंबरीवजा पुस्तक लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रस्तावनेत त्याने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

एकदा हरिसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडे अर्ज केला, की मुंबईहून माझे कापड यायचे आहे, मला राहदारीचा परवाना द्यावा. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून येत होते; पण ते याचे नव्हते. जवळच्याच एका गावचा दुसरा व्यापारी ते घेऊन येत होता. हरिसिंगाला त्याची खबर होती. वाटेत त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैलवाल्यांना संपवले. परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उजळ माथ्याने विकला! कोणाला शंकादेखील आली नाही. तो पकडला गेल्यावर त्याने आपल्याच तोंडाने ही गोष्ट सांगितली, आणि सांगताना त्याला तिची मोठी मौज वाटत होती.

१८३३ च्या सुमारास ठगांच्या बंदोबस्ताचे काम ज्या ठिकाणी सुरू झाले त्यांत हिंगोली होती. माफीचे साक्षीदार जागा दाखवू लागले. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून चार-पाच पावलांवर पुरली होती. ते खड्डे उघडताना टेलर स्वतः हजर होता. ज्याच्याशी आपण व्यवहार केला, ज्याला चांगला गृहस्थ समजलो, त्याचे हे काम पाहून तो हादरून गेला.

आता आपल्या मनात पहिला विचार येतो तो असा, की हा माणूस नव्हेच, राक्षस. पण श्रोतेहो, राक्षस म्हटले की विचार तिथेच संपतो. हरिसिंग घरी काय होता? चारचौघांसारखा संसारी माणूस. बाजारात काय होता? शब्दाला जागणारा व्यापारी, निदान लोक तसे समजत. मग एकाच माणसात या दोन गोष्टी नांदल्या कशा?

याचे उत्तर त्या काळच्या जबान्यांतून मिळते. जबलपूरला स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याने शेकडो ठगांना प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे लिहून काढली. १८३६ साली ती कलकत्त्याला छापली गेली. ती वाचताना असे वाटते, की आपण एखाद्या शाळेचा अभ्यासक्रमच वाचतो आहोत.

ठगाच्या मुलाला कोणी एकदम रुमाल हाती देत नसे. पहिल्या खेपेला पोराला नुसते बरोबर न्यायचे. त्याला काही दिसू द्यायचे नाही. परत आल्यावर त्याला लुटीतला थोडा वाटा, काहीतरी भेटवस्तू द्यायची. पोर खूश! प्रवास म्हणजे मजा, एवढेच त्याला कळायचे. पुढच्या खेपेला त्याला संशय यायचा, की हे लोक चोरी करतात. मग हळूच कळायचे, की चोरीच्या पुढेही काही आहे. असे करत करत एक दिवस तो डोळ्यांनी पाहायचा, तोवर त्याचे मन तयार झालेले असायचे. पुढे कामाच्या पायऱ्या होत्या. आधी टेहळणी, मग खड्डे खणणे, मग सावजाचे हात धरणे, आणि सगळ्यांत शेवटी रुमाल. त्यासाठी गुरू करावा लागे. बिऱ्हाडाच्या जागी निजलेला एखादा अशक्त वाटसरू पाहून पहिले काम द्यायचे. काम झाले की शिष्याने गुरूच्या पाया पडायचे, दक्षिणा द्यायची. म्हणजे आपल्याकडे विद्या जशी देतात, तशीच ही विद्या दिली जाई.

आणि प्रत्येक कामगिरीनंतर गूळ. सव्वा रुपयाचा गूळ आणायचा, घोंगडी अंथरायची, कुदळीची पूजा करायची, देवीचे नाव घ्यायचे आणि प्रसाद वाटायचा. घोंगडीवर बसायचा मान गळा आवळणाऱ्यांचा. बाकीचे खाली. यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. घोंगडीवर सगळे एक. फिरंगिया नावाचा एक नामांकित जमादार माफीचा साक्षीदार झाला होता. त्याने सांगितले, की माझ्या आईचे घराणे श्रीमंत, मला खायला कधी कमी नव्हते, नोकरीतही मी चांगल्या जागी होतो. पण टोळीपासून लांब गेलो की जीव रमत नसे. बापाने लहानपणीच हा गूळ चाखवला, आता दुसरे काही जमणे नाही. तो गुळाच्या अंगी काही जादू आहे असे मानत होता. आपण आज काय म्हणू? जादू गुळात नव्हती. घोंगडीवर बसण्याच्या मानात होती. बापाने पाठ थोपटली, गुरूने जवळ घेतले, दहा जणांत नाव झाले. लहान मुलाला याहून गोड दुसरे काय असते?

याच जबान्यांत एक लहानशी हकीकत आहे. चौदा वर्षांचे एक पोरगे पहिल्यांदाच टोळीबरोबर निघाले होते. त्याला मागे ठेवण्याची व्यवस्था केली होती, पण ते तट्टावरून पुढे आले आणि नको ते त्याच्या दृष्टीस पडले. ते थरथर कापू लागले, तट्टावरून खाली पडले, भ्रमिष्टासारखे झाले आणि सांज व्हायच्या आत मरून गेले. ठगाच्या घरचेच पोर हो! रक्त तेच, कूळ तेच. पण शिकवण्याच्या पायऱ्या गाळून एकदम शेवटची पायरी दिसली, तर त्याचा जीव ती सोसू शकला नाही. माणसाचा मूळ स्वभाव काय म्हणतो, ते या पोराने सांगितले. बाकीच्यांनी तो स्वभाव दाबून टाकायला वर्षे घालवली होती.

दुसरी एक गोष्ट पाहा. ठगांना पापपुण्य नव्हते असे नाही. त्यांचे नियम कडक होते. बाईला मारायचे नाही, फकिराला मारायचे नाही, भाटाला, धोब्याला, तेल्याला, सुताराला, लोहाराला, महारोग्याला मारायचे नाही. गंगेची कावड घेऊन जाणाऱ्याला हात लावायचा नाही. पुढे टोळ्या पकडल्या जाऊ लागल्या, तेव्हा म्हातारे ठग म्हणत, की पोरांनी बायका मारल्या, नियम मोडले, म्हणून देवी कोपली. म्हणजे बाई मारल्याची खंत होती. व्यापारी मारल्याची नव्हती. शरम होती, पण ती कशाची वाटावी हे टोळीने ठरवले होते. माणूस आपल्या आतला आवाज म्हणून जो ऐकतो, त्यात कितीदा आपल्या माणसांचाच आवाज मिसळलेला असतो, याचा हा पुरावा आहे.

आता एक खुलासा केला पाहिजे. या सगळ्या जबान्या कोणी दिल्या? ज्यांच्या मानेवर फास होता त्यांनी. साहेबाला आवडेल असे सांगितले तर जीव वाचणार होता. त्यामुळे अलीकडचे इतिहासकार हे कागद जपून वाचतात. किम वॅग्नर या इतिहासकाराने २००७ साली यावर पुस्तक लिहिले. अशा अभ्यासकांचे म्हणणे असे, की ठग म्हणजे हजारो वर्षांचा एखादा गुप्त धर्मपंथ होता, ही कल्पना बरीचशी इंग्रजांनी फुगवलेली आहे. लढाया संपल्या, फौजा मोडल्या, शिपाई बेकार झाले, दुष्काळ पडले. काही जमीनदारांनी टोळ्यांना आसरा दिला आणि लुटीत वाटा घेतला. कितीतरी माणसे हंगामापुरती वाटमारी करत आणि उरलेले वर्षभर शेती करत. हे म्हणणे मला पटते. पण त्याने आपला मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. गरिबी आणि बेकारी माणसाला रस्त्यावर आणते. रस्त्यावर आल्यावर काय करायचे, कोणाला आपले म्हणायचे आणि कोणाला सावज, हे त्याला भोवतालची माणसे शिकवतात.

मग इंग्रजांनी काय केले? १८३६ साली कायदा केला, की अमुक माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप. कित्येकांना फाशी झाली, कित्येक काळ्या पाण्यावर गेले. पण माफीच्या साक्षीदारांचे आणि त्यांच्या बायकापोरांचे काय करायचे? त्यांच्यासाठी १८३७ च्या सुमारास जबलपूरला एक उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू शिवायला आणि गालिचे विणायला शिकवू लागले. ठगांची मुले हातमागावर बसली. जबलपूरच्या तंबूंना आणि गालिच्यांना पुढे चांगले नाव मिळाले. बापाच्या हातात रुमाल होता, मुलाच्या हातात धोटा आला. आत बदलले ते रक्त नव्हते. शिकवणारे बदलले होते आणि शाबासकी कशाला मिळते ते बदलले होते.

श्रोतेहो, हा धडा इंग्रजांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांना तो दुसरीकडेही दिसला होता. १७८८ ते १८६८ या काळात त्यांनी आपल्या देशातले सुमारे १,६०,००० कैदी ऑस्ट्रेलियात नेऊन सोडले. त्या कैद्यांची मुले तिथे वाढली. १८२० च्या सुमारास बिग नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने तिथे चौकशी केली, तेव्हा त्याला आढळले की आईबापांचे दुर्गुण या मुलांत उतरलेले नाहीत. नवी जमीन मिळाली, मेहनतीला दाम मिळाला, आणि चोराचा मुलगा शेतकरी झाला. आपल्या गोऱ्या कैद्यांच्या बाबतीत त्यांना हे कळले. आपल्या इथे मात्र त्यांनी उलटाच निष्कर्ष काढला.

१८७१ साली ‘गुन्हेगार जमातींचा कायदा’ आला. त्यामागचा युक्तिवाद असा होता: हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. झाले! ठगांच्या जबान्यांत जी गोष्ट शिकवण म्हणून दिसत होती, ती कायद्यात जन्म म्हणून लिहिली गेली. जमातीच्या जमाती सरकारी वहीत नोंदल्या गेल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, नाहीतर शिक्षा. काहींना कुंपणाच्या वसाहतीत घातले. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. त्या भागाला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. १९११ साली हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला.

यात कोण सापडले? आपल्या ओळखीचेच लोक. पारधी, कैकाडी, वडार, रामोशी, भामटा; काही भागांत बंजारासुद्धा. आपल्या हिंगोली जिल्ह्यात ठिकठिकाणी बंजाऱ्यांचे तांडे आहेत. हे लोक मूळचे कोण? बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस नेणारे व्यापारी. त्यांच्यावाचून फौजांना दाणा मिळत नसे. रेल्वे आली, सडका झाल्या आणि बैलांचा धंदा बुडाला. धंदा बुडालेल्याला आधार द्यायचा, की त्याच्या कपाळावर शिक्का मारायचा? सरकारने शिक्का मारला. आणि शिक्का मारलेल्या माणसाला कोण काम देतो? काम मिळाले नाही की तो खरोखर आडवाटेला लागतो, मग लोक म्हणतात, बघा, आम्ही म्हणतच होतो! समाज माणसाला वळण लावतो, ते असेही लावतो. ठगाच्या पोराला टोळीने गूळ चाखवला. यांच्या पोरांना गावाने संशय चाखवला.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत अशा १४ जमाती आहेत. अकरा वर्षांनी, १९६३ साली, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी कोण बसले? वसंतराव नाईक. आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यावर १९१३ साली जन्मलेला बंजारा समाजाचा मुलगा. नागपूरला शिकून वकील झाला आणि ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचा कारभार त्याने पाहिला. दुसरे उदाहरण लातूरजवळच्या धनेगावचे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या वस्तीत खिसे कापणे ही पोटाची विद्या म्हणून पोरांना शिकवली जाई, पोलिसांचा मार सोसायचीही सवय करून घ्यावी लागे, त्या वस्तीतल्या एका बापाने आपल्या पोराला शाळेत घातले. पुढचे आपण जाणताच.

कायदा गेला म्हणून वहीतली नोंद मनातून गेली का? नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की तुरुंगांच्या नियमावलीत जातीवरून काम वाटणे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणे घटनेला धरून नाही. १९५२ नंतर ७२ वर्षांनी! तुरुंगाचे जाऊ द्या. वर्गात खडूची पेटी हरवली की गुरुजींची नजर आधी कोणत्या बाकाकडे जाते? मी शिक्षकाचाच धंदा करतो, म्हणून हे विचारण्याचा मला अधिकार आहे. माझीही नजर तिकडे गेलेली आहे. त्या मुलाने ती पाहिली होती. पेटी नंतर कपाटामागे सापडली. पण त्या नजरेचे काय? ती मला परत घेता आली नाही. आठवडाभर ते पोर मान वर करून बसले नाही.

म्हणून या बोलण्याचा शेवट करताना गुरुजनांना आणि आईबापांना एवढेच सांगायचे आहे. मूल घरातून आणि गावातून शिकते, ते आपण तोंडाने सांगतो तेवढेच नव्हे. आपण कशाला हसतो, कशाला शाबासकी देतो, कशाकडे काणाडोळा करतो, हे ते पाहत असते. परीक्षेत नक्कल करून मार्क आणले आणि घरी पेढे वाटले, तर तो पेढा म्हणजे त्या घोंगडीवरचा गूळच. मुलाच्या लग्नात हुंडा किती मिळाला हे ओसरीवर अभिमानाने सांगितले, तर तोही गूळच. ठग फार वाईट होते, आणि आपण त्यांच्यासारखे नाही, हे खरे. पण त्यांनाही आपण चांगलेच आहोत असे वाटत होते, हे विसरू नये. आपल्या नियमांत कोण बसतो आणि कोण बाहेर राहतो, एवढे एकदा तपासून पाहावे.

हिंगोलीच्या छावणीत आज ना तो पहारा आहे, ना तो बाजार. हरिसिंगाची गोष्टही फारशी कोणाला ठाऊक नाही. पण उद्या सकाळी तुमच्या शाळेत घंटा होईल. तांड्यावरचे, पालावरचे एखादे पोरगे दाराशी उभे राहील. त्याचे कूळ विचारू नका. त्याला पुढच्या बाकावर बसवा, आणि त्याने पाढा बरोबर म्हटला की चारचौघांत त्याची पाठ थोपटा. माणूस घडवायला लागतो तो गूळ हाच. तो आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.